बावीस पर्यायांचा कागद

आमच्या खोलीच्या पत्र्याला खिळ्याचं एक जुनं भोक होतं. सकाळी सव्वासहाच्या सुमारास त्यातून उजेड आत यायचा. रुपयाएवढा, कडा किंचित विरघळलेल्या. आधी तो पश्चिमेच्या भिंतीवर अगदी वर, वाशाला लागून उमटायचा आणि तिथं बराच वेळ थांबल्यासारखा दिसायचा. थांबलेला नसे. भिंतीवर चुन्याचा एक पोपडा सुटला होता, त्याची कड आधी तांबूस होई, मग पिवळी, मग पांढरी. तेवढ्यावरूनच कळायचं की उजेड खाली सरकतो आहे. खोलीच्या खाली यंत्रमागांची शेड होती. रात्रपाळीचे माग चालूच असत. त्यांच्या खटखटीनं फरशी बारीक थरथरे आणि जिन्यातून वर चढून आलेले कापसाचे तंतू त्या उजेडाच्या सळईत तरंगत राहत. खाली पडत नसत, वरही जात नसत. पोपड्यावरून उजेड आजोबांच्या तसबिरीवर येई. काच क्षणभर कोरी होई, आजोबा नाहीसे होत. मग कॅलेंडरचा खिळा, मग कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं न फाडलेलं पान, आणि मग खुंट्यांची फळी. तिसऱ्या खुंटीला माझं दप्तर असे. उजेड त्या दप्तराच्या पट्ट्यावर पोचला की खालच्या बोळातून शीळ यायची.

ती शीळ धैर्यशीलची. पाचवीपासून बारावीपर्यंत मी घड्याळ पाहून कधी घराबाहेर पडलो नाही.

त्या दिवशी उजेड दप्तरावर आला, दप्तरावरून उतरला, खालच्या रांजणाच्या काठावर बसला. शीळ आली नाही.

"धैर्या आला न्हाई व्हय आज?" आईनं चुलीपाशी बसूनच विचारलं.

"येईल."

"आज यादी लागायची ना तुमची? मग तर उड्या मारत यायला पायजे हुता."

२०१९ चा जुलै होता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी त्या सकाळी लागणार होती, आणि ती आम्ही दोघांनी मिळून बघायची असं ठरलं होतं. निदान मी तसं ठरवलं होतं.

विट्यातल्या त्या बोळात मी मुका नव्हतो, पण मला बोलायची वेळ कधी आली नाही. दुकानात काय हवं ते धैर्यशील सांगायचा. एसटीत तिकीट तो काढायचा. वर्गात सरांनी मला उठवलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, त्याला येतंय, पण तो सांगणार न्हाई. मी सांगू?" पोरं हसायची, सरही हसायचे, मी खाली बसायचो. त्याच्या धाकट्या बहिणीनं, अनुजानं, मला एक नावच ठेवलं होतं: 'दादाचं सायलेंट मोड'. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट त्यात मला एक जागा मिळाल्यासारखं वाटे.

सीईटीत मला पंचाण्णव पॉइंट तीन पर्सेंटाइल मिळाले, त्याला अठ्ठ्याऐंशी पॉइंट चार. त्या मधल्या सात अंकांत सगळं पुणं मावत होतं. मला जे कॉलेज मिळालं असतं ते त्याला कुठल्याही फेरीत मिळणार नव्हतं. त्याला मिळू शकेल असं जवळपासचं बरं कॉलेज एकच होतं, मिरजेच्या पुढे उघड्या माळावर बांधलेलं. तिथली यादी यंदा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला थांबेल असा अंदाज होता. आम्ही त्याला 'माळावरचं' म्हणायचो.

पर्याय कसे भरायचे ते होनमाने सरांनी त्यांच्या क्लासमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं. सर धिप्पाड होते आणि खडू मोडल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे.

"कान देऊन ऐका. मार्क तुमच्या हातातनं गेले. आता हातात राहिला तो पसंतीक्रम. पहिल्या फेरीत एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं, की कुलूप! पुढच्या फेऱ्या बंद. रडला तरी दार उघडत न्हाई. दोन नंबरचं किंवा त्याच्या खालचं लागलं तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. म्हणून एक नंबरला काय टाकायचं? आवडतं टाकायचं. मिळण्याजोगं न्हवं, आवडतं! कळलं का, मकरंद?"

"सर, त्याला कळलंय," मागून धैर्यशील म्हणाला.

मला खरोखरच कळलं होतं. दोघांना एकत्र राहायचं असेल, तर ज्याचे मार्क जास्त त्यानं खाली उतरायला हवं. आणि असं उतरायला हवं की परत वर चढता येऊ नये. कारण पुण्याचं वर ठेवलं तर तेच मिळणार. माळावरचं एक नंबरला टाकलं की कुलूप. त्या कुलपाची सगळ्यांना भीती वाटत होती. मला तेच हवं होतं.

यादी लागायच्या चार दिवस आधी आम्ही बसस्टँडसमोरच्या ई-सेवा केंद्रात गेलो. संगणक दोन होते, गर्दी वीस जणांची. आमची पाळी दुपारी आली. शेजारीशेजारी बसून आम्ही पर्याय भरू लागलो. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेला एक लांबलचक आकडा असतो. तो धैर्यशील मोठ्यानं वाचायचा आणि मी टाइप करायचो, मग तो स्वतःच्या संगणकावर टाइप करायचा. पहिला आकडा माळावरच्या कॉलेजचा होता. तो वाचायच्या आधी धैर्यशील थांबला.

"मक्या, तू पुण्याचं टाक की एकला."

"का?"

"का म्हंजे? पंचाण्णव हायत लेका तुला. मला असते तर मी मागं वळून तरी बघितलं असतं का?"

"बघितलं असतंस."

तो हसला. त्याच्या हसण्यात एरवी दात दिसायचे, तेव्हा दिसले नाहीत.

"पुण्याला काय, वाघ खातोय व्हय तुला?"

"एकटा जाऊ?"

"एकटीच जातात माणसं. सगळं जग एकटं जातं."

"तू नसलास तर मी मेसमध्ये जेवायलासुद्धा जाणार नाही," मी म्हणालो. हे मी गमतीनं म्हटलं नव्हतं, आणि माझ्या मते त्याहून मोठं प्रेमाचं वाक्य मला तेव्हा येत नव्हतं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मागे उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "ए, लग्न ठरवायलाय काय? आवरा की!" मग धैर्यशीलनं तो आकडा वाचला. सावकाश, एकेक अंक. मी टाइप केला.

सगळे पर्याय भरून झाल्यावर फॉर्म पक्का करायचा असतो. पक्का केला की बदलता येत नाही. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, मी तो टाकला आणि बटण दाबलं. धैर्यशील हात आवरून बसला.

"तुझा?"

"मोबाईल घरी ऱ्हायला. ओटीपी त्याच्यावर येणार. करतो घरी जाऊन."

"नक्की?"

"आरं करतो की बाबा."

आम्ही चालत निघालो. आमच्याकडे जुलैत पाऊस क्वचितच असतो, वारा असतो. माळावरची माती घेऊन तो गावभर हिंडत असतो. सुताच्या गठ्ठ्यांचा एक टेंपो अडकला होता, म्हणून आम्ही कडेला उभे राहिलो. तेव्हा धैर्यशीलच्या खिशात काहीतरी दोनदा थरथरलं. त्यानं त्यावर हात ठेवला. टेंपो गेला, आम्ही रस्ता ओलांडला.

यादीच्या दिवशी उजेड रांजणावरून जमिनीवर उतरला आणि तिथं फिका पडत गेला. नऊ वाजता मी मोबाईलवर एकट्यानंच पाहिलं. माळावरचं कॉलेज. संगणक शाखा. पर्याय क्रमांक एक. त्याखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं की ही जागा आपोआप निश्चित झाली असून पुढील फेऱ्यांत मला भाग घेता येणार नाही. मला हलकं वाटलं. इतकं हलकं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

माझे वडील, अण्णा, दिवसपाळी सुरू करून वर चहाला आले होते. अण्णा माग दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला तेलाचा वास कायमचा होता.

"लागलं?"

"लागलं. पहिल्या नंबरचं."

"पयल्या नंबरचं?" त्यांनी हात पँटला पुसले आणि मग एक माझ्या डोक्यावर ठेवला. "आगं, ऐकलंस का? पयल्या नंबरचं लागलं पोराला! पेढं आणतो." ते तसेच चप्पल न घालता जिना उतरले.

पेढे आणायला गेलेल्या अण्णांना वाटेत होनमाने सर भेटले. पंधरा मिनिटांनी दोघे मिळून जिना चढून आले. अण्णांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, दोऱ्यानं बांधलेला. तो त्यांनी सोडला नाही.

"दाखव," सर म्हणाले. मी मोबाईल दिला. त्यांनी पाहिलं, आणि ते तिथंच खाली बसले. "हे एक नंबरला कुणी टाकलं?"

"मी."

"मी काय सांगितलं हुतं? फळ्यावर लिहून सांगितलं हुतं! पुण्याचं कुठं हाय?"

"दोन नंबरला."

"दोन नंबरला!" सरांनी कपाळाला हात लावला. "अण्णासाहेब, एक आकडा खाली-वर झाला. बास. एवढ्यानं पोरगं पुण्याचं मिरजेला आलं."

अण्णा माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. एखादा माग का बंद पडला ते ऐकण्यासाठी ते त्याच्याजवळ कान नेत; तसं पाहत होते.

"चुकून झालं का रं?"

मी "चुकून" म्हणालो.

एवढा एकच शब्द. त्यांनी तो खरा मानला आणि पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला. सर जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या पोरांना मी हे सांगणार बघ. नाव घेऊन सांगणार."

मी घरातून निघालो आणि बोळातून सरळ धैर्यशीलकडे गेलो. मला त्याला सांगायचं होतं की सगळं जमलं. वाटेत मनात एक वाक्यही तयार केलं होतं, जे मी क्वचितच करायचो: वसतिगृहाचे अर्ज उद्या सुटतात, दोघांचा मिळून भरू.

दार अनुजानं उघडलं. तिच्या हातात एक कागद होता आणि तो ती पंख्यासारखा हलवत होती.

"या, सायलेंट मोड! तुम्हाला कुठलं लागलं?"

"माळावरचं."

"आन् दादाला बघा की!" तिनं कागद माझ्या हातात दिला. "नाशिक! आमच्यात कोण तिकडं गेलंय का कधी? आई तर रडायलीय आणि हसायलीय, दोन्ही एकदम."

तो त्याच्या पर्यायांचा छापील फॉर्म होता. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं, तेही वाचलं. आतल्या खोलीत काकी, धैर्यशीलच्या आई, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की द्राक्षं तिकडे आपल्यापेक्षा स्वस्त असतात म्हणे.

धैर्यशील मागच्या दारातून आला. नुकतीच अंघोळ केलेली. केसांतून पाणी गळत होतं. कागद माझ्या हातात पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"अनु, आत जा."

"का? मी काय केलं?"

"आत जा म्हटलं ना."

ती गेली. आम्ही दोघं उभे होतो. त्याच्या घराला खिडकी मोठी होती. उजेड सगळीकडे सारखा पडलेला होता, कुठं सरकताना दिसत नव्हता.

"मक्या," तो म्हणाला. "मला तुला सांगायचं हुतं. त्या दिवशीच सांगायचं हुतं. मी—"

"साइट हँग झाली असणार," मी म्हणालो.

त्यानं कागदाकडे पाहिलं.

"त्या दिवशी केंद्रातही होत होती," मी म्हणालो. मी इतकं सलग बोलत नसे. "एक पर्याय टाकला की दुसरा दिसायचा. शेवटच्या दिवशी तर सगळ्यांचंच तसं होतं. तुझं वर-खाली झालं असणार."

त्यानं केसांतलं पाणी हातानं निपटलं. माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि माझा चेहरा त्याला ते म्हणू देत नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "साइटच."

"पुढच्या फेरीत बदलता येईल?"

"न्हाई. कुलूप लागलंय."

"मलाही."

"तू पुण्याचं टाकायला पायजे हुतंस, मक्या." त्याचा आवाज एकदम वर गेला आणि लगेच खाली आला. "मी सांगितलं हुतं तुला. सांगितलं हुतं की न्हाई?"

"सांगितलं होतंस."

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. आतून काकींनी हाक मारली, "मकरंद, चहा घेऊन जा रं." मी म्हणालो, नको. हे मी स्वतः म्हणालो. त्यानं माझ्यासाठी म्हटलं नाही.

माळावरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सोलापूरकडचा एक मुलगा होता. तो भला होता आणि झोपेत बोलायचा. खोलीला पत्रा नव्हता, स्लॅब होता. पहिले अकरा दिवस मी मेसमध्ये गेलो नाही. बिस्किटं आणि केळी खाल्ली. बाराव्या दिवशी गेलो. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "किती चपात्या?" आणि माझ्या मागून कुणी उत्तर दिलं नाही. मी "तीन" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल बाळ, भांडी वाजतायत." मी मोठ्यानं "तीन" म्हणालो. दोन-तीन जणांनी वळून पाहिलं, मग आपापल्या ताटाकडे पाहू लागले.

दिवाळीत धैर्यशील घरी आला, भेटला, नाशिकबद्दल पुष्कळ बोलला. तिथं त्याला सगळे 'डीएस' म्हणतात, तो नाटकात काम करतो, आठवड्यातून एकदा पूर्ण दिवस कुणाशी न बोलता गोदाकाठी जाऊन बसतो.

"तू? न बोलता?" मी विचारलं.

"मला बी आवडतं की कधीतरी," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षापासून फोन कमी झाले, मग वाढदिवसापुरते उरले. भांडण झालं नाही. भांडायला आम्हाला काही शिल्लक नव्हतं. दोघांच्याही बाबतीत चूक झाली होती, माझी माझ्या हातून आणि त्याची साइटच्या हातून, आणि चुकीवर कोण कुणाशी भांडणार? गावात कुणी विचारलं तर मी असंच सांगायचो. अण्णांना सांगितलं, आईला सांगितलं, सोलापूरच्या मुलाला सांगितलं. रात्री दिवा मालवल्यावर स्वतःलाही याच शब्दांत सांगायचो.

होनमाने सरांनी शब्द पाळला. दर वर्षी ते माझं नाव घेऊन ती गोष्ट सांगत आले आहेत. यंदा त्यांचा फोन आला. "आता तू नोकरीला लागलास, बरा बोलायला बी लागलास. येऊन तूच सांग पोरांना. तुझ्या तोंडून ऐकलं तर ध्यानात ऱ्हाईल."

मी गेलो. तोच वर्ग, तोच फळा. समोर चाळीस मुलं, प्रत्येकाच्या हातात कॉलेजांच्या आकड्यांची यादी. मी सांगितलं. एक नंबर, दोन नंबर, कुलूप. सर कोपऱ्यात खुर्चीवर बसून मान हलवत होते. "आणि ह्याच्या मित्राचं पण ऐका," ते मध्येच म्हणाले, "धैर्यशील पाटलाचं! त्याचा क्रम साइटनं बिघडवला. म्हणून सांगतो, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका."

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, कानामागे पेन्सिल.

"सर, साइट हँग झाली तर क्रम खरंच बदलतो का?"

प्रश्न होनमाने सरांना नव्हता, मला होता. ती पेन्सिल काढून उत्तर लिहून घ्यायला बसली होती. मी तोंड उघडलं; 'हो' हा शब्द सहा वर्षांच्या सवयीनं ओठांवर आलाच होता. सर मला ओळखत होते. मी उत्तर देत नाही असं पाहून ते माझ्या वतीनं बोलायला उठू लागले. मी त्यांना हातानं थांबवलं.

"नाही," मी म्हणालो. "बदलत नाही."

ती लिहू लागली.

त्या कागदावर बावीस पर्याय होते. ते मी एकूण एक वाचले होते: नाशिकची पाच कॉलेजं, मग नगरची, मग औरंगाबादची, मग जळगावचीसुद्धा. तळाशी फॉर्म पक्का केल्याची वेळ होती; आम्ही केंद्रात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. रोजच्या शिळेनंतरची. मी त्या सकाळी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत जाऊन आलो होतो आणि घरी पोचून त्यानं ते केलं होतं. माळावरच्या कॉलेजचा आकडा मला पाठ होता. तो पहिला नव्हता, दहावा नव्हता, बाविसावाही नव्हता. तो त्या कागदावर कुठंच नव्हता.

धैर्यशीलला माझ्याबरोबर यायचं नव्हतं.